ते मटण नव्हतं

रविवारी दुपारी लिफ्टपाशी समोरच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "काय शिजतंय हो आज? जिना भरून सुटलाय वास!" मी हसून म्हणालो, "काही नाही काकू, मटण." माझी बारा वर्षांची मुलगी शेजारीच उभी होती. दार लावल्यावर तिने विचारलं, "बाबा, खोटं का बोललात?"

खोटं म्हणजे, ते मोठ्याचं होतं. म्हशीचं. खांद्याचे बोटभर जाडीचे तुकडे, प्रत्येकी पावशेराचे. मीठ, मिरपूड लावून, वरून थोडा मैदा भुरभुरून लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी चांगले तांबूस करून घेतले. त्याच तव्यात चार कांदे परतले, टोमॅटो, लसूण, तमालपत्र घातलं. मग सगळं जाड बुडाच्या पातेल्यात, तुकडे निम्मे बुडतील एवढंच पाणी, घट्ट झाकण आणि अगदी बारीक गॅस. साडेतीन तास.

कुकरमध्ये चाळीस मिनिटांत होतं की, असं कुणी म्हणेल. होतं. पण या मांसात चरबी कमी आणि धागा चिवट. त्यातलं कोलॅजन मंद आचेवर हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा आपोआप दाट, चिकट होतो. घाई केली की मांस मऊ होण्याआधी कोरडं पडतं. हॉटेलात याच प्रकाराला 'स्टेक' म्हणतात आणि सातआठशे रुपये घेतात. माझ्या ऑफिसातले, आडनाव सांगितल्याबरोबर जात कळेल असे कितीतरी मित्र तिथे आवडीने खातात, फोटोही टाकतात. इंग्रजी नाव लागलं की तीच म्हैस प्रतिष्ठित होते. मराठीत 'मोठ्याचं' म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो.

आमची आई धाराशिवकडची. तीही असंच शिजवायची, फक्त चुलीवर, जर्मनच्या पातेल्यात, कच्च्या पपईची फोड टाकून. जास्त आलं तर लांब पट्ट्या कापून उन्हात दोरीवर वाळवायची. त्या चान्या. पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातलं हे सगळं अन्न नावानिशी लिहून ठेवलंय. मी ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा आमचं स्वयंपाकघर छापील अक्षरांत पाहिलं. पण आई शाळेत जाताना बजावायची, "कुणी इचारलं तर पिठलं-भाकरी खाल्ली म्हणायचं." चाळीस वर्षं झाली. पिठल्याच्या जागी मटण आलं, एवढाच काय तो फरक.

आता कायद्याचं. राज्यात गोहत्येला बंदी १९७६ च्या कायद्यापासूनच आहे. २०१५ मध्ये त्यात बैल आणि वळू आले. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. म्हैस त्या बंदीत नाही. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगण्याला गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणूस घरात काय खातो हा त्याच्या खासगीपणाचा भाग आहे, असा त्याचा आधार होता.

म्हणजे माझ्या पातेल्यात जे होतं ते पूर्ण कायदेशीर होतं. तरी मी खोटं बोललो. कारण कायदा कोर्टात असतो आणि वास जिन्यात. घर भाड्याचं आहे, करार मार्चमध्ये संपतो. शिवाय कुणी 'कशाचं आहे' म्हणून विचारायला आलं, तर गाय की म्हैस हे कागदावर सिद्ध होईपर्यंत काय काय होऊन जातं, ते आपण सगळे बातम्यांत वाचतो. ही भीती खोटी नाही. पण ती माझ्या आईची होती, माझी झाली. आता लेकीला मी तीच देतोय, वाढलेल्या ताटासकट. हे मला परवा रात्री झोपू देईना.

तिला त्या दिवशी म्हणालो, "जेव आधी, मग सांगतो." जेवण फार चांगलं झालं होतं. काट्याने तुकडा सुटत होता. तिने रस्सा चपातीने पुसून खाल्ला. मग पुन्हा विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून हे लिहिलं. काकू माझ्या यादीत आहेत, रोज वाचतात.

काकू, रविवारी ते मटण नव्हतं. म्हशीचं होतं. तुम्ही शाकाहारी आहात, तुमच्या ताटाचा मला आदर आहे. तुमच्या उपासाला आम्ही साबुदाण्याची खिचडी आवडीने खाल्लीय. वासाचा त्रास झाला असेल तर सांगा, पुढच्या वेळी खिडकी उघडी ठेवीन. पण विचारलंत तर खरं सांगेन.