एकटीचा प्रवास, दोघांचं भाडं

‘एकटीला असं कितीसं लागणार?’ असं आपण सहज म्हणतो. घरात ते खरंही असतं. सगळी गावाला गेली, की एकटीचं जेवण खिचडी-पापडावर भागतं. प्रवासात मात्र हे गणित उलटं फिरतं. तिथे एकटीला दोघांएवढं लागतं!

कारण साधं आहे. प्रवासातल्या काही गोष्टींचे पैसे माणशी असतात. एसटीचं तिकीट, लेण्यांचं तिकीट, थाळी. पण हॉटेलची खोली, रिक्षा, गाडी आणि गाइड यांचा दर ठोक असतो. खोलीत एकजण झोपा नाहीतर दोघं, भाडं तेवढंच. यात्रा कंपन्यांच्या जाहिरातीत माणशी दर छापलेला असतो, तोही एका खोलीत दोघं राहणार हे धरूनच. एकटीने नाव नोंदवलं की ‘सिंगल सप्लिमेंट’ या भारदस्त नावाखाली खोलीचा दुसरा हिस्सा आपल्याच माथी येतो.

आमच्या यजमानांचे गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत. वेरूळ-अजिंठा पाहायचं माझ्या मनात लग्नापासून होतं. आधी मुलांच्या शाळा, मग सासूबाईंचं आजारपण, मग हे गुडघे. शेवटी हेच म्हणाले, “तू जाऊन ये. माझ्यासाठी कशाला थांबतेस?” घरात लगेच कुजबुज झाली. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “अगं, तेवढ्या पैशात दोघं गेली असती की!” ते वाक्य डोक्यात घेऊनच मी निघाले, आणि म्हणून पै-पैचा हिशेब वहीत लिहिला.

छत्रपती संभाजीनगरला (म्हणजे आपलं पूर्वीचं औरंगाबाद) बसस्टँडजवळ खोली घेतली. रोजचे १,८०० रुपये. तीन रात्रींचे झाले ५,४००. मॅनेजरने विचारलं, “सोबत कोण आहे?” म्हटलं, “कोणी नाही.” “मग एकच चहा पाठवू?” चहा एकच आला. भाडं काही अर्धं झालं नाही!

वेरूळ तिथून तीसेक किलोमीटर. वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो. दोन्ही ठिकाणी उतरायचं म्हणून त्या दिवशी रिक्षा ठरवली, जाऊन-येऊन १,२०० रुपये. हाही दर ठोकच.

वेरूळला ३४ लेणी आहेत. पहिली १२ बौद्धांची, १३ ते २९ हिंदू आणि शेवटची ५ जैनांची. सोळावं ते कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. वरून डोंगर फोडत फोडत खाली आणलेलं अख्खं देऊळ! तिथे गाइड हवाच. पण त्याचा दरही एका गटासाठी असतो, गटात एक माणूस असो की पाच. दाराशी दोन जोडपी घासाघीस करत उभी होती. मी सरळ पुढे होऊन विचारलं, “मी पाचवी आले तर चालेल का?” त्यांनाही बरंच वाटलं. माझ्या वाट्याला ३०० रुपये आले. एकटीने प्रवास करायचा तर अशी थोडी भीड सोडावी लागते.

गाइड गेल्यावर जोडपी घाईने निघून गेली. मी मात्र दहाव्या लेण्यात अर्धा तास बसले. लोक त्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात, कारण दगडाचं छत लाकडी वाशांचं वाटावं असं कोरलंय. “झालं का तुझं?” असं विचारणारं कोणी नव्हतं. मग जवळच घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं आणि परत निघाले.

अजिंठा लांब आहे, शंभरेक किलोमीटर. गाडीवाल्याने दिवसाचे ४,००० सांगितले. चौघांत ते माणशी हजार, एकटीला पुरे चार हजार. तेव्हा सरळ एसटीने गेले. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, ते अशा वेळी फार उपयोगी पडतं. जळगावकडे जाणारी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर सोडते. पुढचे चार किलोमीटर खासगी गाड्यांना बंदी असल्याने गाडीवाल्यांनाही तिथे उतरून बसमध्येच बसावं लागतं. चार हजारवाले आणि मी एकाच बसमध्ये!

पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहायचा तर वेळ लागतो. आत अंधार असतो. डोळे सरावले की एकेक रंग उमटायला लागतो. कितीतरी घोळके माझ्या शेजारून आत आले आणि ‘काही दिसत नाही’ म्हणत बाहेर पडले. मी थांबले, आणि मला दिसलं.

आता वहीतला हिशेब. जाण्यायेण्याची एसटी, खोली, रिक्षा, गाइड, जेवणखाण, तिकिटं धरून साडेनऊ हजार झाले. त्यात एकटीने गेल्याचा दंड किती? खोलीचे २,७००, रिक्षाचे ६०० आणि एकटीला न संपणारी भाजी मागवावी लागली त्याचे दीडशे. एकूण ३,४५०. दंड खराच, काही थोडाथोडका नाही. पण दोघं गेलो असतो तर माणशी सहा हजार, म्हणजे दोघांचे मिळून बारा हजार झाले असते! जाऊबाईंचं गणित तिथे चुकत होतं. एकटीचा प्रवास माणशी महाग पडतो, पण घरातून पैसे कमीच जातात. ही वही मी त्यांच्यापुढे ठेवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण ‘अजिंठ्याला पायऱ्या किती आहेत गं?’ असं मात्र विचारलं.

ज्यांच्या मनात असं जायचं आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी:

• ठिकाण निवडताना तिथे एसटी जाते का, हे आधी पाहा. जिथे गाडीशिवाय हलता येत नाही, तिथे एकटीचा खर्च सगळ्यात जास्त.

• दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी खोली स्वस्त मिळते आणि घासाघीसही करता येते. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, म्हणून बुध ते शुक्र उत्तम.

• रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पण ४५ वर्षांपुढच्या, एकटीने जाणाऱ्या बाईला खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो. तिकीट काढताना तो मागा.

• यात्रा कंपनीकडे जाताना ‘खोलीत जोडीदारीण मिळेल का?’ हे पैसे भरण्याआधी विचारा. काही धर्मशाळा आणि भक्तनिवास एकट्या माणसाला खोलीच देत नाहीत. तेही फोन करून विचारून घ्या.

दरमहा तीनशे बाजूला टाकले, तर वर्षात ३,६०० होतात. एकटीने जाण्याचा दंड त्यात भागतो. डब्यावर नाव मात्र स्वतःचं घाला, नाहीतर तो पैसा गॅसच्या सिलिंडरला जातो!