मुलाच्या पहिल्या कमाईचा हिशेब

व्यापारी कुटुंबात मुलाची पहिली कमाई ही केवळ एक रक्कम नसते. ती आधी देवापुढे ठेवली जाते, मग आजीच्या हाती दिली जाते, त्यातील थोडा भाग दानाकडे वळतो आणि त्यानंतरच ती खर्चाला लागते. आमच्या दारव्ह्यात माझ्या धाकट्या भावाच्या घरी नोव्हेंबर २०२० मध्ये अशीच कमाई आली. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, ती कमाई त्याच्या डोक्यावरील मोठ्या देण्याचे कारण म्हणून एका सरकारी बँकेच्या पत्रात नोंदली गेली. आज अनेक घरांत मुले शिकता शिकता कमावू लागली आहेत आणि त्याच घरांनी गृहकर्जावर शासनाचे अनुदानही घेतले आहे. म्हणून हा अनुभव सविस्तर मांडावासा वाटतो.

प्रथम या अनुदानाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग २५ जून २०१५ रोजी सुरू झाला. त्यात कर्जाशी निगडित व्याज-अनुदानाची एक शाखा होती. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेले दुर्बल घटक आणि ३ ते ६ लाखांपर्यंतचे अल्प उत्पन्न गट यांना ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याजाची सवलत मिळत असे. ही सवलत दरमहा न देता तिचे आजचे मूल्य काढून एकरकमी कर्जखात्यात जमा होई. २० वर्षांच्या मुदतीला ती जास्तीत जास्त २ लाख ६७ हजारांच्या घरात जाई. राष्ट्रीय आवास बँक, हुडको यांसारख्या मध्यवर्ती संस्थांकडून कर्ज देणारी बँक ही रक्कम मागून घेत असे. नगर परिषदेची गावेही या योजनेत असल्याने दारव्ह्यासारख्या ठिकाणच्या लहान दुकानदारांना तिचा मोठा आधार झाला.

भावाचे किराणा दुकान बेताचे. वहिनी घरी शिवणकाम करतात. दोघांचे मिळून ४ लाख ८० हजारांचे वार्षिक उत्पन्न त्यांनी सप्टेंबर २०१९ च्या अर्जात लिहिले होते आणि विवरणपत्रेही त्याला जुळणारी होती. घर नियमाप्रमाणे वहिनींच्याही नावे झाले. मार्च २०२० मध्ये अनुदान जमा झाले आणि हप्ता हलका झाला. त्या वेळी पुतण्या बारावीत होता. अर्ज केला तेव्हा त्याला अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती आणि एक पैशाचीही कमाई नव्हती. पुढे महामारी आली. नागपूरच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, पण वर्ग मोबाईलवर भरत. रिकामा वेळ घालवण्यापेक्षा त्याने नागपुरातच एका घाऊक मालाच्या गोदामात दरमहा १३ हजारांवर काम धरले. खोली आणि खानावळ भागवून तो घरी ४ हजार पाठवी.

ऑगस्ट २०२१ च्या शेवटी पत्र आले. फेरतपासणीत कुटुंबाचे उत्पन्न ६ लाखांहून अधिक आढळले असून, मिळालेले अनुदान अपात्र ठरत आहे. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास ती रक्कम व्याजासह पुन्हा कर्जात मिळवली जाईल, असा त्याचा आशय होता. हप्ता दरमहा सुमारे २,३०० रुपयांनी वाढणार होता. महामारीने दुकानाचे कंबरडे मोडलेले असताना हा आकडा लहान नव्हता.

पैशापेक्षाही जिव्हारी लागली ती दुसरी गोष्ट. पुतण्याने त्याच रात्री मला फोन केला. "मोठे बाबा, मी नोकरी सोडून देतो. माझ्यामुळेच हे झालं ना?" एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मनात आपली मेहनत हाच घराचा अपराध ठरला होता. मी त्याला सांगितले की नोकरी सोडल्याने मागील नोंद पुसली जात नसते. तू काम कर, पत्राचे आम्ही पाहतो.

गावात सल्ले देणारे पुष्कळ. एकाचे म्हणणे, बँकेशी वाद घालू नये, बाजारात पत जाते, मुकाट्याने भरून टाकावे. दुसऱ्याने सुचवले की मुलगा आधीपासूनच वेगळा राहतो असे जुन्या तारखेचे भाडेपत्र करून द्यावे, काम चटकन होईल. दशलक्षण पर्व चालू होते. वहिनी म्हणाल्या, "परवाच आपण उत्तम आर्जव धर्म ऐकून आलो, आणि आज खोटी तारीख घालायची?" भावाचे म्हणणेही स्पष्ट होते. "दादा, आपलं चुकलं असेल तर भरून टाकू. पण चुकलं काय, ते आधी कळू तर द्या." मला हे म्हणणे पटले. घेणेकऱ्याने रक्कम सांगितली म्हणून ती देणे होत नाही. आपण व्यापारी आधी खाते मागतो, नोंद पाहतो, तारीख पाहतो आणि मगच कबूल करतो किंवा नाकारतो. बँकेपुढे मात्र हीच सवय आपण का विसरतो, कोण जाणे.

म्हणून आम्ही प्रथम स्वतःचेच दप्तर तपासले. २०१९ च्या अर्जातील आकडा दुकानाच्या वह्यांशी आणि विवरणपत्रांशी ताडून पाहिला. तो बरोबर होता. मग दिलेल्या मुदतीत लेखी खुलासा दिला, सोबत मुलाची बारावीची गुणपत्रिका, जन्मदाखला आणि गोदामाकडील नेमणुकीचे पत्र जोडले. दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि पोच घेतली. त्याच दिवशी माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून, उत्पन्न कसे मोजले त्या कागदाची प्रत मागितली. बँक सरकारी असल्याने हा मार्ग मोकळा होता.

उत्तर ३० दिवसांच्या आत आले आणि सारा उलगडा एका पानात झाला. मुलाचे बचत खाते लहानपणापासून त्याच शाखेत होते. तपासणाऱ्याला शिधापत्रिकेत मुलाचे नाव दिसले आणि खात्यात एका महिन्याचा १३ हजारांचा पगार दिसला. त्याने त्याला बाराने गुणून १ लाख ५६ हजार केले आणि आईवडिलांच्या ४ लाख ८० हजारांत मिळवले. बेरीज ६ लाख ३६ हजार. बेरजेत चूक नव्हती, पण ती कोणत्या वर्षाची? २०२१ चा पगार २०१९ च्या पात्रतेत मिळवला गेला होता.

त्या लिपिकावर मला राग आला नाही. त्याच्या खुर्चीवरून पाहिले तर समोर एक शिधापत्रिका, एक आडनाव आणि एक पगार. योजनेच्या नियमात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले, हेही खरे. पण त्याच मार्गदर्शक सूचनांत तेव्हा हेही होते की कमावत्या प्रौढ सदस्याला, तो विवाहित असो वा नसो, स्वतःच्या नावे पक्के घर नसल्यास स्वतंत्र कुटुंब मानता येते. 'मानता येते' हे शब्द मी मुद्दाम लिहितो. तो हक्क म्हणून आपोआप लागू होतो असे गृहीत धरू नये. आमचा मुख्य आधार तारखेचा होता, हा मुद्दा जोडीला होता.

आयकराच्या बाबतीतही असाच भेद आपल्या परिचयाचा आहे. आयकर कायदा अल्पवयीन मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवतो. मुलाच्या नावे ठेवलेल्या ठेवीचे व्याज पालकाकडे येते ते यामुळेच. पण मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने मिळवलेले उत्पन्न त्यातून वगळले आहे. बापाचा पैसा मुलाच्या नावे फिरवणे वेगळे आणि मुलाने स्वतः घाम गाळणे वेगळे, हे कायद्यानेही ओळखले आहे.

याच सुमारास इंग्लंडात लेस्टर येथे राहणाऱ्या आमच्या आतेबहिणीशी बोलणे झाले. तिथे तेव्हा भाड्यासाठी शासनाकडून गृहसाहाय्य मिळत असे आणि घरात अठरा वर्षांवरील कमावता मुलगा राहत असेल तर त्या साहाय्यातून ठराविक कपात होत असे. मूल शिकते की कमावते, अठरा कधी पूर्ण झाले, पगार किती, यांतील एखादी नोंद चुकली की जादा रक्कम दिल्याचे पत्र घरी येई. म्हणजे हा प्रश्न केवळ आपला नाही. तिने सांगितलेल्या दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. त्या निर्णयाविरुद्ध एका महिन्यात फेरविचार किंवा अपील मागता येत असे. आणि चूक कार्यालयाची असेल व जादा रक्कम येत असल्याचे त्या कुटुंबाला वाजवीपणे कळणे शक्य नसेल, तर ती रक्कम वसूल करता येत नसे. रक्कम किती, याआधी चूक कोणाची, हा प्रश्न तिथे नियमातच विचारला होता.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान' गणलेला आहे. देताना एक माप आणि घेताना दुसरे माप, असा त्याचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो नियम आपल्या तराजूला आहे तसाच मागणी करणाऱ्याच्या तराजूलाही असावा, अशी अपेक्षा करणे हा उद्धटपणा नव्हे. अनुदान देताना २०१९ चे माप आणि परत घेताना २०२१ चे, एवढाच आमचा आक्षेप होता.

तरीही ऑक्टोबरमध्ये रक्कम कर्जात मिळवली गेली आणि वाढीव हप्ता कापला गेला. भावाने हप्ता चुकवला नाही. वाद चालू असताना खाते थकीत पडले असते तर पत खरोखरच गेली असती. प्रत्येक वाढीव हप्त्याबरोबर 'ही रक्कम हक्क राखून भरत आहे' असे एका ओळीचे पत्र तो देत राहिला. आम्ही बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे मोजणीच्या त्या पानाची प्रत जोडून तक्रार केली. ३० दिवस उलटले, उत्तर नाही. दरम्यान १२ नोव्हेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली होती. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले तर तिच्याकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही. डिसेंबरमध्ये पुतण्यानेच ती तक्रार संगणकावरून भरली. आपल्या कमाईवरील डाग पुसण्याचे काम त्याच्याच हातून व्हावे, असे मला वाटत होते.

निर्णयापर्यंत जावे लागले नाही. जानेवारी २०२२ च्या अखेरीस बँकेच्या वरच्या कार्यालयाचे पत्र आले. अर्जाच्या वेळचे उत्पन्न ग्राह्य धरून अनुदान कायम ठेवण्यात येत आहे, असे त्यात होते. मुद्दल पूर्ववत झाले. मधल्या काळात जादा लागलेले व्याज वळते करून घ्यायला आणखी दोन पत्रे आणि दोन महिने लागले. दिलगिरीचा शब्द कुठे आला नाही, आम्हीही मागितला नाही. पत्र वाचून दाखवले तेव्हा पुतण्या एवढेच म्हणाला, "म्हणजे माझा पगार मोजायलाच नको होता." त्या महिन्यातही त्याचे ४ हजार वेळेवर आले.

या प्रकरणातून वाचकांनी घ्यावे असे थोडेच आहे. शासनाच्या कोणत्याही साहाय्याचा अर्ज केला की त्याची पूर्ण प्रत, त्या दिवशीचे कुटुंबाचे उत्पन्न आणि मुलांची वये एका पाकिटात जपून ठेवावी. मूल कमावू लागले की त्याच्या नेमणुकीच्या पत्राची प्रत त्याच पाकिटात जावी, कारण वाद झाला तर तारीखच बोलते. जिथे उत्पन्नातील बदल कळवणे नियमाने बंधनकारक असेल तिथे तो वेळेत कळवावा. लपवून मिळवलेले साहाय्य आपले नव्हे, ते परतच गेले पाहिजे. परंतु रक्कम मागणारे पत्र आले म्हणजे आपण दोषी ठरलो, असे मानू नये. मोजणीचा कागद मागावा, मुदतीच्या आत लिहावे, पोच घ्यावी, हप्ता चालू ठेवावा.

आणि अशा वेळी घरातील तरुणाकडे आधी पाहावे. घरच्या ताळेबंदात त्याची मेहनत खर्चाच्या बाजूला गेली आहे असे त्याला क्षणभरही वाटता कामा नये. समाजातील कोणाच्या घरी असे पत्र आले असेल आणि लिहिणारे हात नसतील, तर जुन्या पेठेतील आमच्या दुकानी दुपारी तीननंतर अवश्य यावे. पुतण्याने तयार केलेले अर्जांचे नमुने गल्ल्याशेजारच्या फाईलमध्येच ठेवलेले आहेत. जय जिनेंद्र.