वाशिमकरांचे विमानतळ कोणते?

वाशिम जिल्ह्यात विमानतळ नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा हे ते तालुके. सोयाबीन, तूर आणि कापसावर इथली घरे चालतात. हाताला काम कमी, म्हणून माणसे बाहेर जातात. पूर्वी ती सुरत, पुणे, मुंबईकडे जात. आता मुले-मुली शिकून बंगळूर, हैदराबाद, दिल्लीपर्यंत पोहोचली आहेत. मागे राहिलेल्या आईबापांना कधी ना कधी तिकडे जावे लागते. कधी मुलीचे बाळंतपण असते, कधी मुलाची मुलाखत, तर कधी दवाखाना. रजा तीन-चार दिवसांचीच मिळते, आणि रोजंदारीवर असलेल्याला तर रजा म्हणजे बुडालेली मजुरी. अशा वेळी ज्या घरात कालपर्यंत लालगाडीच्या पुढे विषय जात नव्हता, तिथेही विमानाची गोष्ट निघते. मग प्रश्न पडतो तो असा, की बसायचे कुठून, आणि स्वस्त म्हणतात ते खरेच स्वस्त पडते काय?

पाणी दोन्हीकडे, माणसे चारीकडे

हा जिल्हा उंचवट्यावर वसलेला आहे. काटा गावाकडे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला वाहत जाऊन पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते. रिसोडकडून येणाऱ्या पैनगंगेचे पाणी मात्र शेवटी गोदावरीत जाते. माणसांचेही तसेच आहे. कारंज्याचा माणूस अमरावतीकडे बघतो, मालेगावचा अकोल्याकडे, रिसोडचा हिंगोली-नांदेडकडे. त्यामुळे साऱ्या जिल्ह्याला एकच उत्तर देता येत नाही.

सर्वांत जवळचे म्हणावे तर अकोल्याजवळचे शिवणी. ते इंग्रजांच्या काळातले आहे. पण धावपट्टी आखूड असल्याने तिथून रोजची प्रवासी विमाने सुटत नाहीत. म्हणजे खऱ्या अर्थाने चार दरवाजे राहतात : नागपूर, अमरावतीजवळचे बेलोरा, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा.

यांपैकी नागपूर मोठे. सोनेगावच्या या विमानतळाला २००५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे नाव मिळाले. आपल्या घरांना नागपूरची वाट नवी नाही. दीक्षाभूमीला जाणाऱ्या आजीलाही गणेशपेठचा एसटी स्टँड ठाऊक असतो. तिथून सीताबर्डीला येऊन मेट्रो धरली की ती वर्धा रोडवरच्या एअरपोर्ट स्टेशनवर सोडते, आणि तिथून टर्मिनलपर्यंत ऑटो करता येतो. मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद अशा मोठ्या शहरांना इथून थेट विमाने आहेत आणि इंडिगोसारख्या कमी भाड्याच्या कंपन्याही आहेत.

बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली. विमान पंख्याचे, सुमारे सत्तर आसनांचे, आणि आरंभी आठवड्यातून तीनच दिवस. कारंजा-मानोऱ्याच्या माणसाला हे घरासमोरचेच वाटावे.

नांदेड रिसोड-वाशिमला सोयीचे. २००८ मध्ये अकोला-पूर्णा लोहमार्ग रुंद झाल्यापासून वाशिमहून हिंगोलीमार्गे नांदेडला रेल्वेनेही थेट जाता येते.

लहान विमानतळाचा गुण आणि दोष

लहान विमानतळाचे सुख मोठे असते. रांग कमी, चालणे कमी, आणि भांबावून जाण्याचे कारण नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला, पोटुशी मुलीला, किंवा दवाखान्यातून परतणाऱ्या माणसाला दोनशे किलोमीटरचा रस्ता वाचणे ही पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे.

पण दोषही जाणून घ्यावा. अशा ठिकाणांहून विमाने बहुधा सरकारच्या 'उडान' योजनेखाली सुरू होतात. त्यात साधारण तासाभराच्या प्रवासाला आरंभी अडीच हजारांची मर्यादा ठरली होती. मात्र ती विमानातल्या निम्म्या आसनांपुरतीच. उरलेली आसने कंपनी आपल्या भावाने विकते. कंपनीचा तोटा भरून देण्याची मुदत साधारण तीन वर्षांची. ती संपली आणि प्रवासी जमले नाहीत, तर सेवा बंद पडते. नांदेडने हे अनुभवले आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी उडानची जी पहिली विमाने निघाली, त्यात ट्रूजेटचे हैदराबाद-नांदेड होते. २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली. २०२४ मध्ये स्टार एअरने नांदेडहून पुन्हा विमाने सुरू केली, तर ऑगस्ट २०२५ मध्ये काही काळ उड्डाणे थांबली.

म्हणून लहान विमानतळावर तिकीट काढताना जाण्यापेक्षा परतीचा विचार आधी करावा. आठवड्यात तीनच दिवस विमान असेल आणि सोमवारचे रद्द झाले, तर पुढचे बुधवारी. तेवढ्यात रजा संपते, मजुरी बुडते, आणि परक्या शहरात दोन रात्रींचा खर्च वाढतो. नागपूरला एक विमान चुकले, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुसरे मिळण्याची शक्यता अधिक. ज्याच्या हातात दिवस मोजके आहेत, त्याने हा फरक भाड्याच्या फरकापेक्षा मोठा मानावा.

तिकिटाचा भाव म्हणजे प्रवासाचा खर्च नव्हे

एअर डेक्कनने २००३ मध्ये आपल्या देशात स्वस्त विमानाची सुरुवात केली. इंडिगो २००६ मध्ये आली. या कंपन्यांची रीत ठरलेली आहे. मूळ भाडे कमी ठेवायचे, आणि जेवण, आवडीची जागा, जास्तीचे सामान यांचे पैसे वेगळे घ्यायचे. यात लबाडी नाही, पण आपण डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

युरोपात तर याहून गंमत आहे. आयर्लंडची रायनएअर ही स्वस्त कंपनी पॅरिसचे तिकीट देते आणि उतरवते बोवे गावाच्या विमानतळावर. तिथून पॅरिस सुमारे ८५ किलोमीटर, म्हणजे वाशिम-अकोल्याहून थोडे जास्तच. पुढच्या बसचे पैसे वेगळे. आपल्याकडे हा भुर्दंड उतरल्यावर नाही, तर घरून निघतानाच पडतो.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. रिसोडच्या नवरा-बायकोला बंगळूरला मुलीकडे जायचे आहे. नागपूरचे तिकीट नांदेडपेक्षा माणशी एक हजाराने स्वस्त दिसते. दोघांची जाऊन-येऊन चार तिकिटे, म्हणजे चार हजार वाचले. पण रिसोडहून नागपूर नांदेडपेक्षा दीडशे किलोमीटरने तरी लांब. भाड्याची गाडी केली तर ती सोडून रिकामी परत येणार आणि आणायलाही रिकामी जाणार. म्हणजे चार फेऱ्यांचे सहाशे किलोमीटर जास्तीचे. किलोमीटरला पंधरा रुपये धरले तरी नऊ हजार झाले. चार वाचवायला नऊ घातले!

हेच दोघे एसटीने गेले तर चित्र पालटते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून फुकट, आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे. मग चार हजारांतले बरेचसे खरोखर हाती राहतात. मात्र येण्या-जाण्यात मिळून आठ-दहा तास जास्त जातात. पैसा वाचवायचा की वेळ, हे घराने ठरवावे. पण ठरवण्याआधी कागदावर मांडावे.

समृद्धीची वाट

नागपूर जवळ आले ते समृद्धी महामार्गामुळे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, आणि ५ जून २०२५ पासून तो मुंबईच्या बाजूला आमणेपर्यंत पूर्ण झाला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा मोठा पट्टा आपल्या जिल्ह्यातून जातो. कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव येथून त्यावर चढता येते. दुचाकी आणि ऑटोला मनाई आहे, आणि अंतराप्रमाणे टोल पडतो.

वाशिमहून नागपूरला मोटारीने चार तास धरावेत, एसटीने त्याहून दीड-दोन तास जास्त. विमान सुटण्याआधी दोन तास पोहोचलेले बरे, कारण सामान घेण्याची खिडकी तासभर आधी बंद होते. सकाळी सहाचे विमान स्वस्त दिसते, पण त्यासाठी घर रात्री बारालाच सोडावे लागते. हा सरळ, एकसुरी रस्ता रात्री ड्रायव्हरला डुलकी आणतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. पाचशे रुपये वाचवण्यासाठी दिवसभर राबलेल्या ड्रायव्हरला रात्री बाहेर काढू नये. दुपारचे विमान घ्यावे, किंवा आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम करावा.

मुंबईला जायचे असेल तर

मुंबईसाठी मात्र बहुतेकांना विमान लागतच नाही. अकोला हे हावडा-नागपूर-मुंबई या मुख्य मार्गावरचे जंक्शन. संध्याकाळी अकोला गाठून विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेस धरली की सकाळी मुंबई. झोपही झाली आणि दिवसही वाचला. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तरी स्लीपरचे तिकीट विमानापेक्षा कितीतरी कमी. अडचण आरक्षणाची, विशेषतः ६ डिसेंबरच्या सुमारास. ते महिना-दोन महिने आधी करावे.

विमानानेच जायचे तर उतरायचे कुठे, ते पाहावे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाले आहे. आपले माणूस पनवेल, बेलापूर, नेरूळकडे राहत असेल तर ते सोयीचे. अंधेरी, कुर्ला, बोरिवलीला जायचे असेल तर जुने मुंबई विमानतळ बरे. तिकिटावर जुन्याला बीओएम आणि नव्याला एनएमआय अशी खूण असते. जाण्याचे एक आणि परतीचे दुसरे असे होऊ नये, म्हणून दोन्ही बाजू वाचाव्यात.

विमानाचा खरा फायदा होतो बंगळूर, चेन्नई, दिल्ली अशा लांबच्या गावांना. तिथे रेल्वेत जाता-येता दोन-तीन दिवस जातात, आणि ते वाचले तर जास्तीचे भाडे पुष्कळदा वसूल होते.

घरातल्यांनी लक्षात ठेवावे

तिकीट ऑनलाइन सेंटरवर काढले तरी त्यावर मोबाइल नंबर आपलाच टाकायला सांगावा. विमानाची वेळ बदलली किंवा ते रद्द झाले, तर निरोप त्याच नंबरवर येतो. सेंटरवाल्याचा नंबर असेल तर निरोप त्याच्याकडेच राहतो.

तिकिटावरचे नाव आधारकार्डाप्रमाणेच असावे. चूक दिसली तर लगेच, चोवीस तासांच्या आत दुरुस्त करून घ्यावी.

दोन वर्षांखालचे मूल मांडीवर थोड्या पैशांत जाते. त्यापुढे जवळजवळ पूर्ण भाडे पडते. एसटीसारखे अर्धे तिकीट इथे नाही, म्हणून चार जणांच्या कुटुंबाने आधी बेरीज करावी.

देशातल्या विमानात बहुतेक स्वस्त कंपन्या १५ किलोची मोठी बॅग आणि ७ किलोची हातातली एवढेच नेऊ देतात. लेकीसाठी डाळ, पापड, कुरडया नेताना घरीच वजन करावे. तिखट, मसाला, लोणचे घट्ट बांधून मोठ्या बॅगेत ठेवावे. सुके खोबरे मोठ्या बॅगेत चालत नाही. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी.

अमरावतीहून मुंबई आणि तिथून पुढे दुसऱ्या कंपनीचे वेगळे तिकीट, असे जोडकाम टाळावे. पहिले विमान उशिरा पोहोचले तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही.

आणि हक्कही माहीत असावेत. कंपनीने विमान रद्द केले तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे मागता येतात. आपणच तिकीट रद्द केले किंवा विमान चुकले, तरी सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळते, मग तिकिटावर 'परतावा नाही' असे का लिहिलेले असेना. ही रक्कम पुष्कळजण मागतच नाहीत. ती मागावी, आणि लेखी मागावी.

थोडक्यात, लांबच्या शहराला मोजक्या रजेत जायचे तर नागपूर. म्हातारे किंवा आजारी माणूस सोबत असेल आणि दिवस जुळत असतील तर कारंजा-मानोऱ्याला बेलोरा, रिसोड-वाशिमला नांदेड. मालेगाव-रिसोडच्या पश्चिमेकडील गावांनी संभाजीनगरचा भावही पाहून ठेवावा. मुंबईला रात्रीची रेल्वे. तिकीट काढण्यापूर्वी घरच्या उंबऱ्यापासून मुलीच्या उंबऱ्यापर्यंतचे तास, रुपये आणि बुडणारे मजुरीचे दिवस एका कागदावर लिहावेत. घरातल्या शिकत्या मुलामुलीला हा हिशेब करायला बसवावे.