उजवीकडून डावीकडे

अब्बा कातिब होते. भेंडीबाजारातल्या छापखान्यात कलमाने मजकूर लिहायचे. १९८१ साली नूरी नस्तालीक ही संगणकावरची अक्षरं आली, १९९४ मध्ये इनपेज आलं आणि कातिबांचं काम सुटत गेलं. अब्बांनी मात्र उतारवयात माऊस हाती धरला. लग्नाचे रुक्के, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मुशायऱ्यांची पत्रकं, सारं लालबागच्या आमच्या खोलीतल्या जुन्या संगणकात होतं. त्यांच्या इंतकालानंतर तो संगणकही आचके देऊ लागला.

आम्ही दोघं भाऊ उर्दू शाळेत मास्तर. पेनड्राइव्हवर फाईली उतरवायला गेलो, तर काम अर्ध्यावर थांबलं. काय गेलं, काय राहिलं, कळेना. लॅमिंग्टन रोडवरच्या ओळखीच्या कारागिराने दोन्ही संगणकांवर लिनक्स चालू करून दिलं आणि 'आरसिंक' सुचवलं. ट्रिजेल आणि मॅकेरास यांनी १९९६ साली आणलेलं हे साधन. इथे माऊस नाही, हुकूम टाईप करायचा. ते दोन्हीकडच्या फाईली ताडून पाहतं आणि नसेल तेवढंच पाठवतं. मध्येच तुटलं, तर तोच हुकूम पुन्हा द्यायचा. पोचलेल्या फाईली परत जात नाहीत.

हुकुमात आधी निघण्याचं ठिकाण, मग पोचण्याचं. दिवसभर फळ्यावर उजवीकडून लिहिणारे आम्ही. घाईत नेमकं उलटं लिहिलं. वर दोन्हीकडे तंतोतंत सारखं व्हावं म्हणून 'डिलीट'ही जोडलं. म्हणजे नव्या, रिकाम्या संगणकासारखाच अब्बांचा संगणक रिकामा करा, असा तो हुकूम झाला!

बटण दाबणार, तोच अम्मी म्हणाली, "पोरांनो, तुमचे अब्बा कोऱ्या कागदावर कधी थेट शाई लावत नसत. आधी रेघा आखायचे."

कारागिराने सांगितलेली रंगीत तालीम आठवली. हुकुमात 'एन' घातला की काहीही न हलवता, काय होणार तेवढं पडद्यावर दिसतं. पाहिलं तर ओळीमागून ओळ पुसण्याचीच. आमचे हातपाय गार पडले. एक नुकता वरचा खाली गेला तर 'खुदा'चा 'जुदा' होतो, असं अब्बा नेहमी सांगत.

ठिकाणं बदलली, 'डिलीट' काढलं, पुन्हा तालीम केली आणि मग खरा हुकूम दिला. रात्रीत सगळ्या फाईली आल्या. त्या उघडायला इनपेज हवंच, म्हणून आता एकेक उघडून पीडीएफही करून ठेवतो आहोत.

पहिलीच उघडली ती आमच्या शाळेची आठवीची प्रश्नपत्रिका. त्या पेपरला आम्हीच बसलो होतो.