तेलाची खतावणी

मोटारीच्या इंजिनातील तेल कधी बदलावे, या प्रश्नाला व्यापारी कुटुंबांत सहसा दोन उत्तरे मिळतात. वडिलांची पिढी म्हणते, पाच हजार किलोमीटर झाले की तेल काढून टाका. मुलांची पिढी म्हणते, कंपनीच्या पुस्तिकेत दहा हजार लिहिले आहेत, तोवर बोनेट उघडण्याचे कारण नाही. पहिल्या उत्तरामागे अनुभव आहे आणि थोडी भीतीही आहे. दुसऱ्यामागे छापील शब्दावरचा विश्वास आहे. दोन्ही पक्ष ठाम असतात. मात्र ज्या तेलाविषयी वाद चालला आहे, त्याची साक्ष कोणीच काढलेली नसते.

ज्या घरात हळदीचे पोते सळई खुपसून नमुना काढल्याशिवाय विकत घेतले जात नाही, त्याच घरात इंजिनाच्या तेलाचा निवाडा डिपस्टिकवरच्या रंगावरून होतो, हे नवल आहे. तेल काळे पडले की ते संपले, असा समज रूढ आहे. वस्तुतः डिझेल इंजिनातील नवे तेल काही शे किलोमीटरांतच काळे होते, कारण काजळी पोटात घेऊन ती तरंगत ठेवणे हे त्याचे कामच असते. उलट सोनेरी दिसणाऱ्या तेलात पेट्रोल मिसळून ते पातळ झालेले असू शकते. रंग काही सांगतो, पण निर्णयापुरते सांगत नाही.

तेलालाच विचारण्याची विद्या जुनी आहे. वाफेची इंजिने जाऊन डिझेल इंजिने येऊ लागली, त्या 1940 च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेच्या प्रयोगशाळेने वापरलेल्या तेलातील धातूंचे अंश मोजण्यास आरंभ केला. इंजिन उघडून पाहणे म्हणजे गाडी दिवसेंदिवस उभी ठेवणे. तेलाची बाटली मात्र धावत्या इंजिनाची खबर आणीत असे. 1950 च्या दशकात अमेरिकी नौदलाने विमानांच्या इंजिनांसाठी हीच रीत उचलली. तेथे आकाशात इंजिन बंद पडण्याची किंमत पैशात मोजता येणारी नव्हती. पुढे खाणी, जहाजे, वीजनिर्मितीचे संच आणि मालमोटारींचे ताफे असा या परीक्षेचा विस्तार झाला.

पद्धत समजण्यास अवघड नाही. तेलाचा अल्पसा नमुना अतितप्त ज्योतीत सोडला की त्यातील प्रत्येक धातू आपापल्या ठराविक रंगाचा प्रकाश फेकतो. त्या प्रकाशावरून दहा लाख भागांत त्या धातूचे किती भाग आहेत, ते यंत्र सांगते. लोह वाढले तर सिलिंडर किंवा क्रँकशाफ्ट झिजत आहे; ॲल्युमिनियम पिस्टनकडे बोट दाखवते; क्रोमियम रिंगांकडे; तांबे आणि शिसे बेअरिंगांकडे. सिलिकॉन म्हणजे बहुधा बाहेरून आलेली धूळ. सोडियम किंवा पोटॅशियम अचानक वाढले तर रेडिएटरचे शीतक तेलात शिरत असल्याची शंका येते. याखेरीज तेलाचा दाटपणा मोजतात, त्यात इंधन किंवा पाणी मिसळले आहे का ते पाहतात, आणि ज्वलनातून येणारी आम्ले मारण्याची त्याची शिल्लक शक्ती तपासतात. ही शक्ती म्हणजे तेलाची गंगाजळी होय. ती आटत आली की तेल बदलावे.

सांगलीकडच्या एका हळद व्यापाऱ्याच्या घरात हा वाद असाच रंगला होता. पेढीचा एक डिझेल टेंपो, मुलाची एक पेट्रोल मोटार आणि घरच्या बायकामाणसांसाठी एक लहान मोटार, अशी तीन वाहने. वडिलांचा नेम पाच हजारांचा, मुलाचा आग्रह दहा हजारांचा. शेवटी मुलगा म्हणाला, "अण्णा, तुमचेही नको, माझेही नको. मालाचा नमुना आपण प्रयोगशाळेत पाठवतोच ना? तेलाचाही पाठवू." अण्णांनी एवढेच विचारले, "खर्च किती आणि उपयोग काय, ते दोन ओळींत लिहून दे." मुलाने लिहून दिले आणि तीन बाटल्या रवाना झाल्या.

मुलाच्या मोटारीचे तेल आठ हजार किलोमीटर चाललेले होते. दाटपणा मर्यादेत, धातू अत्यल्प, आम्ले मारण्याची शक्ती निम्म्याहून अधिक शिल्लक. महामार्गावर लांब पल्ल्याने धावणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापते, तेलातील ओल आणि इंधन उडून जाते, म्हणून हे तेल टिकले होते. येथे मुलाचा शब्द खरा ठरला.

लहान मोटारीने मात्र दोघांनाही चकित केले. ती वर्षभरात जेमतेम तीन हजार किलोमीटर धावलेली, त्यामुळे तिच्या तेलाची कोणाला चिंताच नव्हती. तेल 30 दर्जाचे. शंभर अंशांवर त्याचा दाटपणा 9.3 ते 12.5 या पट्ट्यात असावयास हवा, तो 8.6 वर उतरला होता. बाजार, शाळा, मंदिर अशा दोन दोन किलोमीटरांच्या फेऱ्यांत इंजिन कधी पुरते तापतच नव्हते, आणि न जळलेले पेट्रोल तेलात मुरत होते. येथे किलोमीटरांचा हिशेब निरुपयोगी होता. पुस्तिकेत 'इतके किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी होईल ते' असे लिहिलेले असते. त्यातला उत्तरार्ध अशाच गाड्यांसाठी असतो, आणि नेमका तोच वाचायचा राहून जातो.

टेंपोच्या पहिल्या दोन अहवालांत काही विशेष नव्हते. पाच हजार किलोमीटरांमागे लोह प्रथम 18 आणि मग 21, सिलिकॉन 8 आणि 9. तिसरा नमुना हळदीच्या हंगामानंतर गेला. लोह 47, सिलिकॉन 34, ॲल्युमिनियमही तिपटीने वर. तिन्ही आकडे एकदम चढले, याचा अर्थ धूळ आत शिरत होती आणि सिलिंडर व पिस्टन घासत होती. मेस्त्रीने शोध घेतला तेव्हा हवेच्या फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी क्लिपेखाली चिरलेली आढळली. शेतरस्त्यांची धूळ फिल्टरला वळसा घालून आत जात होती. नळी बदलली, तेल बदलले. पुढच्या अहवालात सिलिकॉन 11 वर आणि लोह 23 वर आले.

या ठिकाणी अण्णांचा पाच हजारांचा नेम टेंपोला वाचवू शकला नसता. दर पाच हजारांनी ताजे तेल घातले असते आणि तेच तेल दर वेळी नवी धूळ घेऊन फिरत राहिले असते. पुस्तिकेचा आकडाही वाचवू शकला नसता. खर्च एका नळीवर निभावला, आणि ऐन हंगामात वाहन उभे राहण्याचा प्रसंग टळला.

तेलपरीक्षेचा लाभ कोठे शोधावा, हे या उदाहरणातून कळते. एकट्या मोटारीत साडेतीन चार लिटर तेल मावते. ते वाचवण्यासाठी दर वेळी परीक्षा करावी तर परीक्षेचा खर्च वाचलेल्या तेलाला खाऊन टाकील. तेथे एकदोनदा नमुना तपासून आपल्या वापराला कोणते अंतर मानवते ते ठरवावे, आणि पुढे तेच पाळावे. ज्यांच्या दारात मालमोटारी आहेत, जेथे एका वेळी वीस तीस लिटर तेल ओतले जाते, त्यांना नियमित परीक्षा परवडते. वाहन हमीच्या मुदतीत असेल तर मात्र कंपनीने सांगितलेले अंतर ओलांडू नये. अहवाल कितीही चांगला असला तरी हमीच्या कलमांपुढे तो चालत नाही.

परीक्षेच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. यंत्राला अतिसूक्ष्म कण दिसतात. धातूचा मोठा कपचा तुटून पडला तर तो निसटू शकतो. इंजिनाचा आवाज बदलला किंवा तेलाचा दाब उतरला, तर स्वच्छ अहवाल हातात धरून बसू नये. नव्या इंजिनात लोह आणि सिलिकॉन आरंभी चढेच असतात. ते जुळणीच्या वेळचे अवशेष असतात. मध्येच लिटरभर तेल भरले असेल तर सगळे आकडे पातळ होऊन फसवे दिसतात, म्हणून भरलेल्या तेलाची नोंद नमुन्यासोबत पाठवावी लागते. नमुना घेण्याचीही शिस्त आहे. इंजिन तापलेले असताना तेल सोडावे, पहिली धार जाऊ द्यावी, मधल्या धारेखाली स्वच्छ कोरडी बाटली धरावी आणि गाडीचे एकूण किलोमीटर, तेलाचे किलोमीटर व तेलाचा दर्जा लिहावा. काढलेले तेल गटारात न ओतता पुनर्प्रक्रिया करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाला द्यावे, कारण कायद्याच्या दृष्टीने तो धोकादायक कचरा आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की एकट्या अहवालावर निवाडा करू नये. एका दिवसाच्या गल्ल्यावरून दुकानाची स्थिती कळत नाही. ती खतावणीतील सलग नोंदींवरून कळते. आकडे नेहमी दर हजार किलोमीटरांवर आणून शेजारी शेजारी मांडावेत. लोह 30 हा आकडा स्वतः चांगला नाही की वाईट नाही. तो गेल्या वेळी 28 असेल तर निश्चिंत राहावे, 12 असेल तर चौकशी करावी.

व्यवहारात वडिलांचा अनुभव आणि मुलांचे वाचन यांच्यात तंटा झाला की बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते. अशा वेळी दोघांनाही मान्य असलेला तिसरा साक्षीदार मिळाला, तर पेढीचा पैसा वाचतो आणि घरातील मनेही दुखावत नाहीत. त्यासाठी वाहनाच्या कप्प्यात एक लहान वही पुरते : तारीख, किलोमीटर, भरलेले तेल आणि अहवालातील पाच सहा आकडे. तिसरी ओळ भरली की ती वही बोलू लागते.