आजीचा गोळा

आमच्या आजीने वळवाच्या पावसात एकदा आगीचा गोळा पाहिला होता. तो म्हणे कडाडून वीज पडताच माजघराच्या खिडकीतून आत शिरला, देवघरासमोरून मांजरासारखा सरपटत गेला आणि मागीलदारी फट्कन विझला! आम्ही पोरे तिची थट्टा करीत असू. "आजी, त्याने प्रसाद घेतला का गं?" ती बिचारी गप्प बसे.

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा मी जावयांपाशी एकच हट्ट धरला. कोलोरॅडो स्प्रिंग्जला न्या.

पाइक्स पीक पर्वताच्या पायथ्याचे हे टुमदार गाव सहा हजार फूट उंचीवर आहे. चार पावले चालताच मला धाप लागली. 1899 साली निकोला टेस्ला इथे आला तो बिनतारी विद्युतप्रयोगांसाठी. गावाबाहेरच्या माळावर त्याने लाकडी प्रयोगशाळा बांधली, 142 फुटी खांब उभारून वर तांब्याचा गोळा बसवला आणि चक्क कृत्रिम विजा पाडल्या. त्या झगमगाटात मधूनच आगीचे गोळे उमटत. असे गोळे आपण कृत्रिम रीतीने निर्माण केले, असे त्याने 1904 साली छापून सांगितले. त्याच वर्षी कर्जापायी प्रयोगशाळा मोडून विकली गेली. आता त्या माळावर घरांच्या रांगा आहेत. पाहायचे ते काय? तरी मी पाहत उभा राहिलो.

टेस्लानंतर पुष्कळांनी हात पोळून घेतले. ब्राझीलमधील रेसिफे येथे 2007 साली शास्त्रज्ञांनी सिलिकॉनच्या चकतीतून विजेचा प्रवाह सोडून चेंडूएवढे तेजस्वी गोळे घडवले; त्यांतले काही आठ सेकंद टिकले. 2012 मध्ये चीनच्या पठारावर खरा गोळाच अवचित शास्त्रज्ञांच्या कॅमेऱ्यात सापडला. त्याच्या प्रकाशात सिलिकॉन, लोह, कॅल्शियम यांच्या खुणा मिळाल्या. म्हणजे आपली पायाखालची मातीच! पण आकाशातल्यासारखा गोळा हुकमी घडवणे अजून कोणाला साधलेले नाही.

एवढ्यात डोंगरावर ढग गडगडले. "बाबा, गाडीत बसा," जावई म्हणाले. गाडीत मी नातीला आजीची गोष्ट सांगितली.

"खरंच, आबा?"

"खरंच." हा शब्द उच्चारायला मला साठ वर्षे लागली.

ती क्षणभर थांबली. "मग तुमच्या आजीला भीती नाही वाटली?"

काचेवर टपोरे थेंब पडू लागले. हा साधा प्रश्न आम्ही आजीला कधी विचारलाच नव्हता.