मुक्काम कुठे करावा?

कापडाच्या खरेदीसाठी धुळ्याहून चाळीसगावमार्गे महिन्यातून एकदा तरी मुंबईस जाणे होते. भाव, उधारी, गाडी यांचा विचार आपण आधी करतो, मुक्कामाचा शेवटी. चौविहार पाळणाऱ्याने मात्र हा क्रम उलटा करावा.

मुंबईत डिसेंबरच्या आरंभी सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, जूनअखेर सव्वासातनंतर. मुळजी जेठा मार्केटमध्ये नमुने पाहता पाहता साडेपाच कधी वाजतात ते कळत नाही. मग अंधेरीची खोली कितीही प्रशस्त असो, लोकलने तिथे पोहोचेपर्यंत दिवस मावळलेला असतो.

म्हणून मी सी. पी. टँकच्या हिराबाग धर्मशाळेत उतरतो. मार्केटमधून तिथे पायी जाता येते आणि वाटेवर काळबादेवी-भुलेश्वरकडे जैन भोजन मिळते. मुंबईचे जवाहीर शेठ माणिकचंद यांनी वडील हिराचंद यांच्या नावे ही वास्तू उभारली. विद्यार्थ्यांसाठी जागोजागी बोर्डिंगे काढणाऱ्या या माणसाला परगावी उतरणाऱ्याची अडचण नेमकी ठाऊक असावी.

आता पेढी मुलगा पाहतो. त्याचे म्हणणे, व्यापारी रात्री आठला जेवायला बोलावतात आणि खरा भाव तिथेच तुटतो. लवकर उठून जाणाऱ्याला तो मिळत नाही. हे अगदीच खोटे नाही. मी चार वाजताच्या चहावर बोलणी उरकतो. कधी मीटरमागे दोन रुपये जास्त पडतात.

पुढल्या खेपेस आम्ही दोघे जाणार आहोत. खोली त्याने ठरवली आहे, हिराबागेपासून दोन गल्ल्या पलीकडे.